मोहरीचे कूळ : ओळख फुलाची, खात्री फळाची

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्व भागात, गोदावरीच्या दक्षिणेस शेवगाव तालुका वसलेला आहे. उत्तरेस पैठणच्या धरणाने निर्माण झालेल्या नाथसागराचे पाणी, दक्षिणेस पाथर्डीकडील गर्भगिरीच्या डोंगररांगा आणि मध्ये ज्वारी, बाजरी, कपाशी, हरभरा व ऊस यांची शेते, असे या तालुक्याचे सर्वसाधारण चित्र आहे. या शेतांच्या बांधावर, पडीक रानात आणि ओढ्यांच्या काठी वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत पिवळी फुले दिसतात. पाहणारा सहज म्हणून जातो, 'ही रानमोहरी.' परंतु श्रावणात दिसणारी पिवळी फुले, पौषात दिसणारी पिवळी फुले आणि फाल्गुनात दिसणारी पिवळी फुले ही बहुधा तीन वेगळ्या कुळांतील वनस्पतींची असतात. त्यांपैकी एक खरी मोहरी, दुसरी मोहरीची नातलग आणि तिसरी मोहरीशी काहीही नाते नसलेली, किंबहुना मनुष्याच्या जिवास अपायकारक अशी असते.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरता नाही. मोहरीचे दाणे प्रत्येक घराच्या फोडणीत असतात. त्यांच्यासारखेच दिसणारे विषारी बी धान्यात किंवा घाण्यात मिसळले, तर त्याचे परिणाम संपूर्ण कुटुंबाला भोगावे लागतात. तसेच आज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या स्तरावर जैवविविधतेची नोंद ठेवण्याची जबाबदारी कायद्याने आली आहे. त्या नोंदवहीत वनस्पतीचे नाव चुकले, तर सबंध नोंद निरुपयोगी ठरते. म्हणून मोहरीचे कूळ कसे ओळखावे आणि त्या कुळातील एखादी रानटी वनस्पती नेमकी कोणती हे कसे ठरवावे, याची माहिती शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना असणे इष्ट आहे.

कुळाचा परिवार

मोहरीच्या कुळास वनस्पतिशास्त्रात 'ब्रासिकेसी' म्हणतात. त्याचे जुने नाव 'क्रूसीफेरी', म्हणजे क्रूस धारण करणारे कूळ, असे आहे. मराठी शास्त्रीय लेखनात त्यास 'सर्षप कुल' असे म्हटले जाते. जगात या कुळाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. आपल्या स्वयंपाकघरात या कुळाने आपले स्थान फार पूर्वीच पक्के केले आहे. मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम आणि बाळंतिणीच्या आहारात मानाचे स्थान असलेले अळीव ही सर्व याच घराण्यातील भावंडे होत.

तथापि या कुळाचे मूळ घर आपल्या पठारावर नाही. समशीतोष्ण प्रदेश, भूमध्य समुद्राचा परिसर, पश्चिम व मध्य आशियातील कोरडे प्रदेश आणि उंच पर्वत येथे हे कूळ विशेष बहरते. हिमालयात 'ड्राबा' वंशाच्या इवल्याशा वनस्पती पाच हजार मीटरांच्या आसपासच्या उंचीवरही दगडांच्या खाचांत तग धरून राहतात. दख्खनच्या पठारावर मात्र कडक उन्हाळा आणि धुवाधार पावसाळा यांमुळे या कुळातील रानटी जाती फार थोड्या आढळतात. महाराष्ट्रात ओलसर जागी, पाण्याच्या कडेने 'रोरिप्पा' वंशाची लहान पिवळ्या फुलांची रानटी वनस्पती दिसते. बाकी बहुतेक सदस्य लागवडीतून आलेले आहेत. शेवगावसारख्या भागात मोहरी रब्बीतच का घेतली जाते, याचेही उत्तर येथेच मिळते. मार्गशीर्ष-पौषातील थंडी हीच या भागापुरती त्या कुळाच्या मायदेशाची हवा होय.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आपल्या जिल्ह्यातील माळावर किंवा डोंगरावर पिवळे फूल दिसले, तर ते मोहरीच्या कुळातील असण्याची शक्यता मुळातच कमी आहे. म्हणून आधी तपासावे आणि मगच नाव द्यावे.

फुलावरून कूळ ओळखावे

कूळ ओळखण्याची पहिली खूण फुलात आहे. बांधावरच्या मोहरीचे एक ताजे फूल हाती घ्यावे. बाहेरच्या बाजूस चार संदले, म्हणजे हिरवट पिवळी लहान दले दिसतील. त्यांच्या आत चार पाकळ्या समोरासमोर अशा मांडलेल्या असतात की वरून पाहता त्यांची फुली दिसावी. जुन्या नावातील क्रूस तो हाच.

आता पाकळ्या अलगद बाजूला करून पुंकेसर मोजावेत. ते सहा भरतील. परंतु संख्येपेक्षा त्यांची लांबी अधिक महत्त्वाची आहे. आतील चार पुंकेसर लांब व बाहेरील दोन आखूड असतात. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुंकेसरांच्या या विशेष मांडणीसाठी स्वतंत्र वर्गच योजला होता. मधोमध किंजपुट असते आणि त्याचीच पुढे शेंग होते.

तुऱ्याची रचनाही पाहण्याजोगी आहे. मोहरीच्या तुऱ्यात खालची फुले आधी उमलतात आणि शेंडा वाढतच राहतो. त्यामुळे एकाच तुऱ्यावर शेंड्याशी कळ्या, त्याखाली फुले आणि आणखी खाली कोवळ्या शेंगा अशा तिन्ही अवस्था एका वेळी पाहावयास मिळतात. शाळेतील विद्यार्थ्यांना फुलापासून फळापर्यंतचा प्रवास एकाच फांदीवर दाखवावयाचा असेल, तर याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

निसर्गात नियमाला अपवाद असतातच. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या हिमालयात उगवणारी 'मेगाकार्पिया पॉलिअँड्रा' ही मोठी पर्वतीय वनस्पती मोहरीच्या कुळातीलच आहे, पण तिच्या फुलात सहापेक्षा पुष्कळ अधिक पुंकेसर असतात. म्हणून कोणतीही एक खूण अंतिम मानू नये. दोन-तीन खुणा एकत्र जुळल्या म्हणजेच निर्णय घ्यावा.

फळावरून जात ठरवावी

फुलाने कूळ सांगितले, तरी जात सांगण्याचे काम फुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे. या कुळातील शेकडो जातींची फुले एकसारखी, चार पाकळ्यांची, पिवळी किंवा पांढरी असतात. वनस्पतिशास्त्रज्ञासमोर पर्वतावरून आणलेली नुसती फुलांची फांदी ठेवली, तर तोही ठाम उत्तर देण्यास कचरेल, ते यामुळेच. त्याला पिकलेले फळ हवे असते.

मोहरीच्या शेंगेस शास्त्रीय मराठीत 'सार्षप' असे नाव आहे. ती हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेंगेसारखी नसते. तुरीच्या शेंगेत आत पडदा नसतो. मोहरीची पक्व शेंग हाताने उकलली असता दोन बाजूंच्या दोन झडपा खालून वर सुटत जातात आणि मध्ये कागदासारखा पातळ, पांढुरका पडदा एका चौकटीत ताणलेला राहतो. दाणे या चौकटीच्या कडेला चिकटलेले असतात. हा मधला पडदा ही मोहरीच्या कुळाची जणू मोहोरच होय.

ही रचना मूलतः एकच असली, तरी तिची रूपे अनेक आहेत. मोहरीची शेंग लांब व निमुळती असून तिच्या टोकाला चोच असते. अळिवाची शेंग लहान, चपटी व जवळजवळ गोल असते आणि तिच्या प्रत्येक कप्प्यात एकच दाणा असतो. मुळ्याची शेंग, जिला आपण डिंगरी म्हणतो व जिची भाजी करतो, फुगीर व मांसल असून पिकल्यावरही मोहरीप्रमाणे उकलत नाही. शेंग लांब की आखूड, गोल की चपटी, उकलणारी की न उकलणारी, दाणे एका ओळीत की दोन, यांवरूनच वंश व जात निश्चित केली जाते.

पर्वतीय जातींच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते. ती म्हणजे पानांवरील लव. हिमालयातील ड्राबासारख्या वनस्पतींत काही जातींचे केस साधे, काहींचे दुभागलेले, तर काहींचे चांदणीच्या आकाराचे असतात. हे केस डोळ्यांस वेगवेगळे दिसत नाहीत. पण दहापट मोठे दाखविणाऱ्या साध्या भिंगातून त्यांची ठेवण स्पष्ट होते. शाळेच्या प्रयोगशाळेत असे एक भिंग असतेच. त्याचा उपयोग कपाटाबाहेर व्हावा, इतकेच.

नातलग तिळवण

पावसाळ्यात शेवगाव परिसरातील शेतांत व पडिकात जे पिवळ्या फुलांचे तण दिसते, ते बहुधा पिवळी तिळवण असते. तिलाही चार पाकळ्या असतात आणि लांब शेंगा असतात. दाणा चुरडला असता किंचित तिखट वास येतो. त्यामुळे तिला 'जंगली मोहरी' म्हटले गेले, यात नवल नाही.

पण जवळून पाहता भेद स्पष्ट होतात. तिळवणीचे पान एकसंध नसून तीन ते पाच पर्णिकांचे असते. सबंध झाड चिकट लवीने भरलेले असून त्यास उग्र वास येतो. चारही पाकळ्या फुलाच्या एकाच बाजूस वळलेल्या असतात, त्यामुळे फुली तयार होत नाही. पुंकेसर सहा नसून पुष्कळ असतात. शेंग उकलली असता मधला पडदा आढळत नाही. दाणेही गुळगुळीत व गोल नसून वाकडे आणि आडव्या रेघांचे असतात.

पांढरी तिळवण, जिची कोवळी पाने रानभाजी म्हणून खाल्ली जातात, ही अधिक फसवी आहे. तिचे पुंकेसर बरोबर सहा असतात. परंतु ते सारख्याच लांबीचे असून फुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या एका देठावर, पाकळ्यांपासून वर उचलल्यासारखे दिसतात. केवळ संख्या मोजून थांबणाऱ्यास हे फूल चकवील. लांबी पाहणाऱ्यास मात्र ते चकवू शकणार नाही.

जुन्या ग्रंथांत तिळवणीची गणना वाघाटी व वायवर्णा यांच्या कुळात केली जात असे. गेल्या काही दशकांत वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास झाल्यावर असे दिसून आले की तिळवण ही मोहरीच्या कुळाची सर्वांत जवळची नातलग आहे. आणखी थोडे दूर गेले म्हणजे शेवगा आणि पपई हेही याच विस्तृत गणात येतात. वरवर पाहता हे विधान आश्चर्याचे वाटेल. पण शेवग्याचे मूळ ठेचून वास घेतला किंवा पपईची बी चावून पाहिली, तर मोहरीसारखा झणझणीतपणा लगेच जाणवतो.

या तिखटपणाचे कारण मोठे मनोरंजक आहे. मोहरीच्या दाण्यात एक गंधकयुक्त द्रव्य आणि एक विकर अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी साठविलेल्या असतात. दाणा अखंड असेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. दाणा वाटला व त्याला पाणी लागले की दोहोंचा संयोग होऊन नाकात झोंबणारे तेल तयार होते. म्हणूनच लोणच्यात घातलेली मोहरीची पूड झणझणते. उकळत्या तेलात तडतडलेली मोहरी मात्र तशी झोंबत नाही, कारण उष्णतेने विकर आधीच नष्ट झालेले असते. कीटकांपासून बचाव करण्यासाठी वनस्पतीने उभारलेली ही तटबंदी होय. तिचा आस्वाद मनुष्याने मसाला म्हणून घेतला.

वैरी पिवळा धोत्रा

हिवाळा सरू लागला म्हणजे ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला आणि पडीक शेतांत पिवळा धोत्रा फुलतो. त्याला 'काटेधोत्रा' किंवा 'बिलायत' असेही म्हणतात. नाव धोत्र्याचे असले, तरी हा खरा धोत्रा नव्हे, आणि फूल पिवळे असले, तरी याचा मोहरीशी काडीचाही संबंध नाही. हा अफूच्या कुळातील असून मूळचा मेक्सिकोकडील आहे. 'आर्जिमोनी मेक्सिकाना' हे त्याचे शास्त्रीय नावच त्याच्या मायदेशाची साक्ष देते.

त्याची ओळख उभ्या झाडावरून पटण्यास अडचण नाही. पाने निळसर हिरवी, पांढऱ्या शिरांची व काटेरी असतात. देठ मोडला की पिवळा चीक येतो. फूल मोठे असून त्यात चार ते सहा पाकळ्या व असंख्य पुंकेसर असतात. फळ म्हणजे काटेरी बोंड असून ते पिकल्यावर शेंड्याशी फाटते व आतील शेकडो काळे दाणे सांडतात.

धोका येथेच सुरू होतो. झाडात व झाडात कितीही फरक असला, तरी दाण्यात व दाण्यात फरक थोडा आहे. दोहोंचा रंग काळसर, आकार गोल आणि आकारमान जवळपास सारखे असते. मोहरी काढणीस येते त्याच सुमारास धोत्र्याची बोंडेही पिकतात. शेतात किंवा खळ्याच्या कडेला धोत्रा उभा असेल, तर दाणे नकळत मिसळू शकतात. लोभापायी जाणूनबुजून भेसळ केली जाते, ती वेगळीच.

धोत्र्याच्या बियांतील तेलात सँग्विनरीन व त्यासारखी विषारी अल्कलॉइडे असतात. या तेलाच्या सेवनाने जो रोग होतो त्यास 'साथीचा जलशोथ' असे म्हणता येईल. वैद्यकीय व्यवहारात तो 'एपिडेमिक ड्रॉप्सी' या नावाने परिचित आहे. पायांवर सूज येणे, जुलाब, त्वचेवर लाली, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. पुढे हृदय दुर्बळ होते व काही रुग्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उद्भवतो. तळण्याच्या उष्णतेने हे विष नाहीसे होत नाही. त्यावर खास असा उताराही नाही. दूषित तेल ताबडतोब बंद करणे व लक्षणांवर उपचार करणे, एवढाच मार्ग उरतो.

भारतात या रोगाची नोंद १८७७ साली कलकत्त्यात झाली. प्रारंभी त्याचे कारण समजत नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधकांनी धोत्र्याच्या तेलाकडे बोट दाखविले आणि पुढील प्रयोगांनी ते सिद्ध झाले. अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी साथ १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत पसरली. साठांहून अधिक माणसे मरण पावली व हजारोंवर लोक आजारी पडले. भेसळयुक्त मोहरीचे तेल हेच त्याचे कारण होते. त्यानंतर त्याच वर्षी केंद्र शासनाने खाद्यतेलाच्या वेष्टनाविषयी आदेश काढला. ८ जून २०२१ पासून मोहरीच्या तेलात अन्य कोणतेही खाद्यतेल मिसळण्यास देशभर मनाई करण्यात आली आहे.

महाराष्ट्रात शेंगदाणा, करडई व सोयाबीन यांच्या तेलांचा वापर अधिक असल्याने हा धोका दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु मोहरीचा दाणा तर घरोघरी आहे. शिवाय धोत्र्याच्या तेलाने अंगाला मालिश केल्यानेही विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. रोजगारासाठी आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबांत मोहरीचे तेल नित्य वापरले जाते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

घरच्या घरी तपासणी

दाण्यांची तपासणी करण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. मूठभर मोहरी पांढऱ्या बशीत पसरावी व भिंगातून न्याहाळावी. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो. धोत्र्याचा दाणा खरबरीत असून त्याच्या पृष्ठभागावर जाळीसारखी नक्षी असते. संशयित दाणा वेगळा काढून चिमटीत दाबून फोडावा. मोहरी आतून पिवळी निघते, धोत्र्याचे बी आतून पांढरे निघते. ही परीक्षा इयत्ता पाचवी-सहावीचा विद्यार्थीही बिनचूक करू शकतो. तपासणीनंतर हात धुवावेत व वेगळे काढलेले दाणे जाळून टाकावेत.

तेलाची तपासणी मात्र घरी करू नये. त्यासाठी तीव्र नायट्रिक आम्ल लागते. धोत्र्याचे तेल असल्यास आम्लाचा थर नारिंगी ते तांबडा होतो, हे खरे. पण असे आम्ल हाताळणे प्रयोगशाळेतील प्रशिक्षित व्यक्तीचेच काम आहे. तेलाविषयी शंका आल्यास त्याचा वापर थांबवून नमुना बाटलीत जपून ठेवावा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास कळवावे. एकाच घरातील अनेकांच्या पायांवर एकाच वेळी सूज दिसली, तर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास सूचना द्यावी.

शेतकऱ्याच्या हाती याहून सोपा उपाय आहे. मोहरीच्या कडेचा पिवळा धोत्रा बोंडे धरण्यापूर्वी, फुलाच्या अवस्थेतच, मुळासकट उपटावा. खळ्यावर माल येण्यापूर्वी आजूबाजूची जागा साफ करावी. ग्रामपंचायतीने सार्वजनिक पडीक जागेवरील धोत्रा पौष-माघात काढून घेतला, तर पुढील वर्षीचे बीज त्या प्रमाणात कमी होईल.

डोंगरावरील पिवळाई

अहिल्यानगर जिल्ह्याचे पश्चिम टोक शेवगावपेक्षा अगदी वेगळे आहे. अकोले तालुक्याच्या सीमेवर महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीवर उभे आहे. शेजारी हरिश्चंद्रगड आहे. भाद्रपद-आश्विनात शाळांच्या सहली तेथे जातात, त्या वेळी पठारे पिवळ्या फुलांनी झाकून गेलेली असतात. दुरून पाहता मोहरीचे शेत फुलल्याचा भास होतो.

जवळ गेल्यावर हा भास टिकत नाही. ही फुले प्रामुख्याने सोनकीची असतात. सोनकी सूर्यफुलाच्या कुळातील आहे. जे आपणास एक फूल वाटते, तो अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो. तिच्याबरोबर फुलणारा कवला द्विदल डाळींच्या कुळातील असून त्याच्या पाकळ्या असमान, फुलपाखराच्या पंखांसारख्या असतात. दोहोंतही चार पाकळ्यांची फुली नाही, सहा पुंकेसर नाहीत आणि पडद्याची शेंगही नाही. सहलीत विद्यार्थ्यांना या तीन प्रश्नांची उत्तरे फुलाजवळ बसून शोधावयास लावली, तर फूल न तोडताही उत्तम पाठ होईल.

नमुना व नोंद

एखादी वनस्पती सर्व प्रयत्नांनंतरही ओळखू आली नाही, तर तिचा नमुना जाणकारांकडे पाठवावा. नमुना घेण्याची रीत सोपी आहे. शक्य असल्यास मूळ, खोडाची व शेंड्याची पाने, फूल आणि पिकलेली शेंग असा संपूर्ण भाग घ्यावा. पिकलेल्या शेंगेवाचून मोहरीच्या कुळातील नमुन्यास अर्थ नाही, हे पुन्हा सांगावयास हवे. एकच झाड दिसत असेल, तर ते उपटू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे व शेंग पिकण्याची वाट पाहावी. नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवावे आणि कागद रोज बदलावेत. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, जागेचे वर्णन, तारीख, फुलाचा रंग, झाडाची उंची व गावातील लोक देतात ते नाव लिहावे. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो जागेवरच नोंदवावा.

असे नमुने ओळखण्याची सोय आपल्या आवाक्यात आहे. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषि विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभागही साहाय्य करू शकतात. पुणे येथे भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून कार्य करीत असून तेथे वाळविलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. ज्या ग्रंथांच्या आधारे ही ओळख केली जाते, त्यांची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. अहमदनगर जिल्ह्याच्या वनस्पतींवर प्रधान व सिंह यांचा स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ १९९९ साली प्रकाशित झाला.

या सर्व कार्यास आता कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून त्यांच्यामार्फत लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीचे मोल तिच्या अचूकपणावर अवलंबून आहे. एका गावाने तिळवणीस 'रानमोहरी' म्हटले, दुसऱ्याने रोरिप्पास तेच नाव दिले आणि तिसऱ्याने धोत्र्याची गणना त्यातच केली, तर तिन्ही नोंदी एकत्र करणाऱ्याची दिशाभूल होईल. 'कानफुटी' हे नाव तर काही ठिकाणी पिवळ्या तिळवणीस आणि काही ठिकाणी फुगीर फळांच्या एका वेलीस दिले जाते. म्हणून गावातील नाव अवश्य लिहावे, कारण त्यात पिढ्यांचे ज्ञान साठलेले असते. पण त्यापुढे फुलाचे व फळाचे वर्णन आणि शक्य असेल तेथे तज्ज्ञांनी दिलेले शास्त्रीय नाव लिहावे.

शेवगाव तालुक्यातील एखाद्या शाळेने वर्षभरात एवढे जरी केले तरी पुरे आहे : श्रावणात तिळवण, पौषात मोहरी आणि फाल्गुनात धोत्रा, या तिन्हींचे फूल व फळ एकाच तक्त्यावर शेजारी शेजारी मांडावे आणि तिन्हींचे दाणे तीन बाटल्यांत घालून त्याखाली नावे लिहावीत. धोत्र्याच्या बाटलीस लाल चिठ्ठी लावावी, ती घट्ट बंद करून शिक्षकांच्या ताब्यात ठेवावी. हा तक्ता ग्रामसभेच्या दिवशी चावडीवर ठेवला, तर जी माहिती आज विद्यार्थ्यांच्या वहीत आहे, ती उद्या गावाच्या स्वयंपाकघरात पोहोचेल.